खरी कंबर, खोटी कंबर

दारात चपला काढणारा माणूस मला नुसता बघू द्या, त्याची कंबर खरी दुखते की खोटी ते सांगतो, असं मी एके काळी चारचौघांत छातीवर हात मारून म्हणत असे. आता म्हणत नाही. का म्हणत नाही, एवढंच इथे सांगायचं आहे. बाकी माझ्या नोकरीत दिवाळी अंकात छापण्यासारखं फारसं काही घडलं नाही.

सातपूरच्या एका कारखान्यात मी टाइम ऑफिसात होतो. लोखंडाचं ओतकाम करणारा कारखाना. त्याचं नाव सांगत नाही. टाइम ऑफिस म्हणजे फाटकाजवळची एक खिडकी. कोण किती वाजता आला, कोणाचं कार्ड कोणी पंच केलं, कोणाची आजी एका वर्षात दोनदा वारली, याच्यावर लक्ष ठेवायचं. पाच वर्षं हे काम केल्यावर माणसाचा स्वभावच तसा होतो. घरी बायको म्हणाली, "भाजी संपली," तरी मी पातेल्यावरचं झाकण उचलून बघायचो. ती म्हणायची, "कार्ड पंच करून दाखवू का?"

एकदा त्र्यंबक रोडने सायकलवर कामाला येताना ट्रकला वाट दिली आणि खडीवर घसरलो. कंबर धरली ती धरलीच. सहा महिने पट्टा बांधून खिडकीत उभा होतो. गोळ्या झाल्या, शेक झाला, एका वैदूने लावलेला काळा लेप झाला. शेवटी कोणीतरी लीलाबाईंचं नाव सांगितलं. मुलींच्या शाळेत ड्रिल शिकवून निवृत्त झालेल्या बाई, गंगापूर रोडला घराच्या पडवीत आसनं शिकवत.

मी गेलो तो संशय घेऊनच. नाशिकमध्ये वाढलेल्या माणसाला योग या शब्दाचा एकदम आदर वाटणं कठीण आहे. सिंहस्थात घाटावर वर्षानुवर्षं एक हात वर धरून वाळवलेले बुवा आम्ही लहानपणी पाहिलेले, आणि त्यांच्या पुढ्यातलं पसरलेलं फडकंही पाहिलेलं. शिवाय आमच्या घरात वडिलांनी बाबासाहेबांबरोबर धम्म घेतला, तेव्हापासून मंत्र, जप, गंडेदोरे दाराबाहेर. मी लीलाबाईंना पहिलंच वाक्य बोललो, "ओम वगैरे मी म्हणणार नाही."

त्या म्हणाल्या, "नको म्हणूस. पालथा हो."

पालथा झालो. त्यांनी सदरा वर सरकवला आणि कमरेच्या दोन मणक्यांवर दोन बोटं ठेवली. नाव, गाव, आडनाव त्यांनी नंतर विचारलं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आमच्या वाट्याला नेहमी उलटा क्रम आलेला. आडनाव आधी, आणि मग बाकीचं ठरतं.

पाच महिन्यांत माझा पट्टा सुटला. चमत्कार झाला नाही. रोज पाऊण तास मकरासन, भुजंगासन, शलभासन; म्हणजे पालथं पडून राहायचं, मग छाती उचलायची, मग एकेक पाय उचलायचा. कंटाळवाणं काम आहे. आसनांनी मणक्यातली चकती जागेवर बसते असं सांगणारे पुष्कळ भेटतील. तसं काही होत नाही. पाठीचे स्नायू बळकट होतात, माणूस आपल्या कमरेला भ्यायचं सोडतो आणि नीट उठायला-बसायला शिकतो. बरंचसं दुखणं तेवढ्याने कमी होतं. ज्याचं होत नाही त्याला डॉक्टरकडे पाठवायचं, हेही लीलाबाईंनीच शिकवलं. पुढे दोन वर्षं मी त्यांच्या हाताखाली शिकलो.

ही बातमी आमच्या पर्सोनेल ऑफिसर सबनीस साहेबांपर्यंत गेली. आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. माणसं पुन्हा मोकळेपणी तक्रार करायला लागली होती, आणि सगळ्यात जास्त तक्रार कमरेची होती. रेतीच्या साच्यांच्या लोखंडी पेट्या उचलायच्या म्हटल्यावर दुसरं काय होणार? कंबर दुखत असेल तर लाइट ड्युटी मिळे. म्हणजे स्टोअरमध्ये बसून नटबोल्ट निवडायचे. मग निम्मं खातं कंबर धरून चालायला लागलं.

सबनीसांनी मला बोलावलं. "पगारे, सायकल स्टँडमागची शेड देतो. सतरंज्या देतो. पहिली पाळी सुटल्यावर एक तास या कंबरवाल्यांना आसनं शिकवा. आणि एक वही ठेवा. प्रत्येकाच्या नावापुढे फक्त एक शेरा. वाकतो, किंवा वाकत नाही."

"साहेब, तो डॉक्टरांचा अधिकार."

"डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात आणि सगळ्यांना एकच गोळी देतात. तुम्ही टाइम ऑफिसातले. तुम्हांला माणूस कळतो."

मनात पाल चुकचुकली होती, खोटं कशाला सांगू? पण 'तुम्हांला माणूस कळतो' हे वाक्य साहेबाच्या तोंडून ऐकल्यावर पाल गप्प बसली. मी वही घेतली.

पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट घडली, तिच्यामुळे पुढचं सगळं बिघडलं. एक लेथवरचा ऑपरेटर होता, नाव राहू द्या. त्याला मी पुढे वाकायला सांगितलं आणि लीलाबाईंच्या पद्धतीने त्याच्या कमरेवर दोन बोटं ठेवली. ही आमच्या कामातली मुख्य परीक्षा. माणूस वाकायला लागला की खरं म्हणजे मणके एकमेकांपासून लांब जातात आणि वरची दोन बोटं फाकतात. कंबर आखडलेली असेल तर बोटं जागची हलत नाहीत. हे डोळ्यांना दिसत नाही, हातालाच कळतं.

बोटं टेकताच तो गृहस्थ विंचू चावल्यासारखा सरळ झाला. "हात कशाला लावता? काय ते तोंडाने सांगा ना!"

दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. चहाच्या वेळी त्याच्याच खात्यातल्या एकाने मला हसत हसत सांगितलं, "पगारे मास्तर, गड्याने काल घरी जाऊन डोक्यावरनं आंघोळ केली म्हणे." दुखऱ्या कमरेवर गार पाणी. मीही हसलो. हसण्यावारी नेलं नसतं तर रडावं लागलं असतं. पण त्या दिवसापासून मी कोणाच्या पाठीला हात लावणं सोडलं. हातच नको ना तुम्हांला, मग हात न लावता तुमचं खरंखोटं करून दाखवतो, असा राग धरला. आणि बघायला लागलो.

बघून पुष्कळ कळतं, हेही खरं. खरी कंबर दुखणारा माणूस चपला काढताना भिंतीला हात टेकतो. खाली बसताना आधी मांडीवर हात ठेवतो. शिंक येणार म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरतो. खोटा माणूस दुखणं तोंडावर दाखवतो, फार दाखवतो. खैरनार नावाचा सटाण्याकडचा एक पैलवानी गडी होता. आला की विव्हळायला लागायचा, "मास्तर, मनी कंबर लई दुखस, काय सांगू!" मी त्याला काही न विचारता शवासनात पाडला. पाच मिनिटांत घोरायला लागला, आणि घोरता घोरता त्याने तीनदा कूस बदलली. खरी कंबर झोपेत कूस बदलताना माणसाला जागं करते. मी शेरा लिहिला, "वाकतो." खैरनार परत पेट्या उचलायला गेला. रागावला मात्र नाही. फाटकात भेटला की म्हणायचा, "तू भलता वस्ताद शे मास्तर."

दुसऱ्या एकाने आपल्या बायकोला आणलं. सिन्नरची, विड्या वळणारी. तिची मान सहा महिने धरलेली. नवऱ्याने स्वतःच्या सुट्टीसाठी हिला आणली असणार, असं मला आधी वाटलं. तिला मी दारातच सूप मांडीवर घेऊन विड्या वळायला बसवली. सूप पार खाली, मान दिवसभर सुपात. मांडीवर एक पाट ठेवून वर सूप ठेवायला सांगितलं, आणि मानेचे दोन साधे प्रकार दिले. महिन्याभरात नवरा मला भेळ घेऊन आला. एकाही बोटाचा स्पर्श न करता हे जमलं, याची मला कोण घमेंड!

कामगारांना मी आवडत नव्हतो, हे उघड होतं. शेडमध्ये मी शिरलो की बोलणं थांबे. कोणी म्हणे मी साहेबाचा माणूस, कोणी म्हणे युनियन फोडायला ठेवलाय. भुजंगासनात छाती वर उचललेली पंचवीस माणसं माझ्याकडे अशी बघत, की पहिल्या रांगेपुढे उभं राहायला नको वाटे. ते माझ्यावर नजर ठेवून, मी त्यांच्यावर, आणि सबनीस आम्हां सगळ्यांवर. अशा हवेत शवासन कसलं लागतंय?

अशात सोमा भोये आला.

सोमा पेठच्या पलीकडचा, डोंगरातला. बुटका, सडसडीत, कामापुरतं बोलणारा. मोल्डिंग खात्यात हंगामी कामगार. टाइम ऑफिसात मी त्याला ओळखून होतो, कारण दर पावसाळ्यात तो न सांगता आठ-दहा दिवस गायब व्हायचा. गावाकडे भाताची आवणी. रोपं उपटायची आणि चिखलात लावायची. दर वर्षी मी त्याच्या कार्डावर लाल रेघा मारायचो. आणि त्या वर्षी त्याचं दुखणं उपटलं ते नेमकं मृगात. आधी लाइट ड्युटी, मग आवणी. माझं मत तो दारात यायच्या आधीच झालं होतं.

दारात सगळे भिंत धरून चपला काढत होते. सोमाने भिंतीला हात लावला नाही, वाकला नाही, थांबलासुद्धा नाही. उजवी चप्पल बाहेर काढली आणि चालत आत आला. डावी चप्पल दोन पावलं आत सतरंजीवर पडली आणि हा पुढे निघून गेला.

मी ओरडलो, "अरे ए, चपला बाहेर! घर आहे का हे?"

त्याने वळून चपलेकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायाकडे पाहिलं. काही न बोलता ती उचलून बाहेर ठेवून आला. मला तो उर्मटपणा वाटला.

"काय दुखतंय?"

"पाय दुखत होता मास्तर. हा डावा."

"हा कमरेचा वर्ग आहे. कंबर?"

"कंबर आखडते. पाय लय दुखत होता. आता नाय दुखत."

"आता दुखत नाही?"

"नाय. नुस्त्या झिणझिण्या येतात. मुंग्यावानी."

बघा म्हणजे! कमरेच्या वर्गाला येऊन पाय सांगतो, आणि तोही आता दुखत नाही म्हणतो. मी म्हटलं, "वाकून दाखव."

सोमा वाकला. गुडघे न वाकवता, सहज, दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकवून. अख्ख्या वर्गात तळवे टेकणारा तो एकटा. माझेसुद्धा टेकत नव्हते. मागे कोणीतरी हसलं. मी वहीत लिहिलं, "तळवे टेकतात. वाकतो." खाली सही केली. सोमाला वाचता येत नव्हतं, पण मी लिहीत होतो तोवर तो वहीकडे बघत उभा होता.

"काय लिवलं मास्तर?"

"तुला वाकता येतं, असं लिहिलं."

"हां. ते येतंय," तो म्हणाला.

सोमवारी तो परत मोल्डिंगमध्ये गेला. आठव्या दिवशी दुसऱ्या एकाबरोबर पेटी उचलताना त्याचा डावा पाय खचला. पेटी रेतीत पडली म्हणून कोणाचा जीव गेला नाही. सोमा पडला तो उठलाच नाही.

मला खिडकीत निरोप आला तेव्हा सबनीस माझ्या शेजारीच उभे होते. "आवणी आली वाटतं," ते म्हणाले. आणि मी मान डोलावली. हे लिहिताना लाज वाटते, पण डोलावली.

दवाखान्याच्या खोलीत सोमा बाकावर पालथा पडला होता. दारात त्याच्या चपला कोणीतरी आणून टाकल्या होत्या, एक सुलटी, एक उलटी. उलटी पडली होती ती डावी. मला सवय ती होतीच. चपलेकडे नजर गेली. तिचा पुढचा भाग, अंगठ्याखालचा, झिजून पार कागदासारखा झाला होता. मी उजवी उलटून पाहिली. ती सगळीकडे सारखी झिजलेली, टायरची नक्षी अजून दिसत होती.

मी दोन्ही चपला शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. डावी चप्पल अशी झिजायची म्हणजे माणूस महिनोन् महिने पायाचा पुढचा भाग फरफटत चालत असला पाहिजे. नाटक एक दिवस करता येतं, आठवडाभर करता येतं. कोणी बघत नसताना, खोलीपासून फाटकापर्यंत आणि फाटकापासून भट्टीपर्यंत, चार-चार महिने कोणी नाटक करत नाही. आणि मग ती सतरंजीवर पडलेली चप्पल आठवली. त्याने ती टाकली नव्हती. ती पायातून निसटली आणि त्याला कळलं नव्हतं, कारण त्या पायाला कळण्यासारखं काही उरलं नव्हतं. अंगठ्यात चप्पल धरण्याचा जोर गेला होता. दुखणं थांबून मुंग्या यायला लागल्या, ते बरं होण्याचं लक्षण नव्हतं. कमरेतली नस दाबली जात होती, आणि तिची बोंब मारायची ताकदही संपत आली होती. लीलाबाईंनी मला हे शिकवलं होतं. दुखणं एकाएकी थांबलं आणि पाय बधिर झाला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे, हे त्यांचं वाक्य मला पाठ होतं. लोकांना ऐकवायचोही.

मी त्याचा सदरा वर केला. "हात लावू का सोमा?"

तो आश्चर्याने म्हणाला, "लाव की. इचारतो काय?"

दोन बोटं ठेवली. कंबर फळीसारखी. एका जागी सूज, आणि तिथे बोट लागताच त्याने दात आवळले. हे दोन आठवडे आधी दोन बोटांनी अर्ध्या मिनिटात कळलं असतं.

संध्याकाळी लीलाबाईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी सतरंज्या गुंडाळून ठेवल्या. मग म्हणाल्या, "भात लावणारी माणसं कधी पाहिलीस?"

"नाही."

"दिवस दिवस वाकलेली असतात. पण कमरेतून नाही, खुब्यातून. पाठ सरळ ठेवून, बिजागरीवर दार वाकवावं तशी. मांड्यांच्या मागच्या शिरा त्यांच्या लहानपणापासून सैल. त्याची कंबर लाकडाची झाली असती तरी त्याचे तळवे टेकले असते. म्हणून तर बोटं ठेवायची. बोटं कुठे ठेवली होतीस?"

मी आंघोळवाल्या ऑपरेटरची हकिकत सांगितली. त्या ऐकत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, मला ते नको होतं.

"तुझा अपमान झाला, तो खरा," त्या म्हणाल्या. "पण तो या पोराने केला होता का?"

एका माणसाला माझा हात विटाळ वाटला, आणि मी तो हात ज्याला हवा होता त्याच्यापासूनही आखडून घेतला. सोमाच्या मनात हातबीत काही आलंच नसतं. आणि आंघोळवाला तर कधीचा आपल्या लेथवर ठणठणीत काम करत होता.

दुसऱ्या दिवशी मी वहीत त्या ओळीखाली लिहिलं, "वरील शेरा चुकीचा. तपासणी नीट केली नाही," आणि सही करून वही सबनीसांपुढे ठेवली. त्यांनी वाचलं. "पगारे, हे कशाला? कागद वर गेलेत. आणि उद्या सगळेच म्हणतील, आमचाही शेरा चुकलाय."

"कदाचित चुकला असेल," मी म्हणालो. "मी कुणालाच हात लावला नव्हता."

त्यांनी वही मिटून कपाटात टाकली. मी पुन्हा शेरा लिहिला नाही. वर्ग चालू ठेवतो, वही नाही, असं सांगितलं. वहीशिवाय वर्गाचा साहेबांना काही उपयोग नव्हता. दोन महिन्यांत सायकल स्टँडमागच्या शेडमध्ये भंगार आलं आणि मी परत खिडकीत गेलो.

सोमाला शहरातल्या एका हाडांच्या डॉक्टरांनी पाहिलं. फळीवर सहा आठवडे झोपून राहायला सांगितलं. पायातला जोर आणखी गेला तर मुंबईला ऑपरेशन, म्हणाले. सोमा मुंबईला तयार नव्हता. मेहुण्याने त्याला जीपमध्ये आडवा घालून गावी नेलं. हंगामी कामगार, गैरहजेरी वाढत गेली आणि कारखान्यातून त्याचं नाव कमी झालं. त्या कार्डावरच्या लाल रेघा माझ्याच हातच्या होत्या.

सुट्टीच्या दिवशी मी एसटीने पेठला गेलो आणि तिथून दोन तास चालत त्याच्या पाड्यावर. आवणी ऐन भरात होती. सोमा ओसरीत दारावर, म्हणजे खरोखरच एका उतरवलेल्या दारावर, पडून होता. त्याची बायको यमुना शेतातून आली, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात रोपांची जुडी. मी कोण हे सोमाने सांगितलं. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. अशी नजर मी खिडकीतून हजारांवर रोखली होती. माझ्यावर कोणी रोखली नव्हती.

"आता काय लिवायला आलास?" ती म्हणाली. तिच्या बोलीत तुम्ही नव्हतंच.

"काही नाही. वही आणली नाही."

"मग इश्वास कसा ठेवू? वही व्हती तवा निदान कळत व्हतं, तू कायतरी लिवतो त्ये."

बरोबर होतं तिचं. सोमा म्हणाला, "बघू दे गं त्याला. येवढा चालत आलाय."

त्यानंतर तीन महिने मी दर सुट्टीला गेलो. घरी बायको म्हणाली, "टाइम ऑफिसवाल्यानेच सगळ्या सुट्ट्या डोंगरात घालवाव्यात!" पण बसभाड्याला कधी नाही म्हणाली नाही. डॉक्टरांना विचारून, सहा आठवडे झाल्यावर, सोमाला आधी नुसतं पालथं श्वास घ्यायला शिकवलं. मग छाती दोन बोटं वर, मग चार बोटं. प्रत्येक वेळी माझा हात त्याच्या कमरेवर. पायासाठी जमिनीवर फडकं पसरायचं आणि बोटांनी गोळा करायचं. पहिल्या दिवशी डाव्या पायाने फडक्याची एक चुणीसुद्धा पडली नाही. यमुना दारातून बघायची आणि निघून जायची. एकदा मी तिला म्हणालो, "याला आता वर्षभर वाकू द्यायचं नाही. चिखलात तर नाहीच."

ती हसली. "आवणीच्या गावात वाकू नको म्हन्तो! आन मग कोन वाकंल?"

तीच वाकली. त्या वर्षी आणि पुढेही, दोघांची रोपं तिने एकटीने लावली. सोमा बांधावर बसून जुड्या बांधून द्यायचा. सोमाची कंबर वाचली असं मी म्हणतो, तेव्हा ती कोणाच्या कमरेवर वाचली हेही सांगायला हवं. यमुनाच्या कमरेला कोणी बोटं लावून बघितलं नाही. मीही नाही, तिने लावू दिली नसती.

दिवाळीच्या आसपास सोमा चालायला लागला. फडकं सगळं गोळा होऊ लागलं. पण पाऊल पूर्वीसारखं उचललं गेलं नाही, ते कधीच नाही. थोडं फरफटत राहिलं. डॉक्टर म्हणाले, दोन आठवडे आधी कळतं तर वेगळं झालं असतं. त्यांना माहीत नव्हतं, ते कोणाशी बोलतायत.

नंतर मी घरीच चार-पाच माणसांना शिकवत राहिलो, निवृत्तीनंतरही. लोक 'मास्तरांच्या हाताला गुण आहे' म्हणतात तेव्हा मी विषय बदलतो. गुणबिण काही नाही. आता फक्त लावतो हात, आणि लावण्याआधी विचारतो. कोणी नको म्हटलं तर त्याला दुसरीकडे पाठवतो. नुसतं बघून सांगा म्हणणाऱ्याला मी काहीही सांगत नाही.

सोमा पडला त्याला आठ-नऊ वर्षं झाली असतील. एका दुपारी सोमा आमच्या कॉलनीतल्या घरी आला. धाकट्या मुलाला कॉलेजात घालायला नाशिकला आला होता. पिशवीत नागलीचं पीठ आणि नवे तांदूळ. यमुनाने पाठवलेत म्हणाला. जेवलो, बोललो. त्याच्या शेतावर आता सून पण वाकायला लागली होती.

निघताना दारात त्याच्या चपला दिसल्या. डाव्या चपलेला मागून सायकलच्या ट्यूबचा पट्टा जोडलेला, टाचेवरून घेऊन बांधायचा, म्हणजे ती निसटू नये. मी पटकन खाली बसलो आणि तो पट्टा हातात घेतला. माझीच कंबर कुरकुरली. म्हटलं, "थांब सोमा, मी बांधतो."

सोमाने माझ्या खांद्याला हात लावून मला बाजूला केलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"राहू दे मास्तर," तो म्हणाला. "मला वाकता येतं. तूच लिवून दिलं होतं."

आणि गुडघे न वाकवता, पाठ सरळ ठेवून, तो वाकला.